सांभाळणाऱ्याचं शरीर : स्मृतिभ्रंश, ताण आणि सजगता



आजचा पाठ एका आजाराबद्दल आहे. पण त्यात आजारी माणसाबद्दल कमी आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाबद्दल जास्त वाचायला मिळेल. आजार आहे स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला आता सगळेच डिमेन्शिया म्हणतात. सांभाळणारं माणूस म्हणजे घरातली सून, बायको, मुलगी, कधी मुलगा, कधी सत्तरीतला नवरा. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी तर वाचावंच, पण ज्यांच्या शेजारी किंवा भावाच्या घरी चालू आहे त्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं. कारण पाठाच्या शेवटी त्यांच्यासाठी काम आहे.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे या आजाराला जुनं नाव आहे म्हातारचळ. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. या दोन्हींमागे समजूत एकच : वय झालं की माणूस विसरणार, बडबडणार, त्यात काय एवढं! ही समजूत चुकीची आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वयाचं. चष्मा हातात घेऊन 'हे कशासाठी असतं' असा प्रश्न पडणं हे वयाचं नाही, ते मेंदूच्या आजाराचं लक्षण आहे. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशाच एका स्त्री रुग्णाच्या मेंदूतले बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले. त्या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात मोठं कारण आजही अल्झायमरच आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकारही बराच आढळतो.

भारतात असे किती जण असतील? देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीच्या पुढच्या १०० माणसांत सात ते आठ जणांना, नेमकं सांगायचं तर ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. यातले बहुतेक सगळे घरीच असतात. म्हणजे लाखो घरांत कुणीतरी एक माणूस दिवसरात्र सांभाळतंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात या आजाऱ्यांच्या काळजीचे ७० टक्के तास बायका देतात. आपल्याकडे हे सांगायला संघटना लागत नाही, हा भाग वेगळा.

तिन्हीसांजेचा प्रसंग

समजा, एक सून आहे. वय पंचावन्न. सासूबाई ऐंशीच्या. आजाराला चार वर्षं झालीत. संध्याकाळी साडेसहा वाजतात, खिडकीबाहेर अंधारायला लागतं आणि सासूबाई उठून दाराकडे जातात.

"मला घरी जायचंय गं."

"आई, तुम्ही घरीच आहात."

"हे माझं घर नव्हे. दादा वाट बघत असेल. दार उघड."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ. तो जाऊन तीस वर्षं झाली. सून पहिल्यांदा समजावते. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न येतो, ती पुन्हा समजावते. आठव्या वेळेला तिचा आवाज चढतो. सासूबाई रडायला लागतात, मग चिडून म्हणतात, "तूच माझ्या पाटल्या घेतल्यास." रात्री दोन वाजता त्या पुन्हा उठतात. सकाळी सहाला दूधवाला येतो आणि सुनेचा दिवस सुरू होतो. रविवारी नणंदेचा फोन येतो, "आईचा आवाज तर छान वाटला गं, तू उगाच काळजी करतेस."

या प्रसंगात मेंदूच्या बाजूने काय झालं ते समजून घ्या. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो. लहानपणच्या, माहेरच्या आठवणी त्या मानाने जास्त काळ टिकतात. म्हणून सासूबाईंना आत्ता दिलेलं उत्तर राहत नाही, पण दादा राहतो. सुनेने तो प्रश्न आठ वेळा ऐकला, सासूबाईंनी मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारला. संध्याकाळी गोंधळ वाढणं हेही या आजारात नेहमी दिसतं. आणि 'घरी जायचंय' याचा अर्थ पुष्कळदा पत्त्याशी नसतो. मला भीती वाटतेय, इथे काहीतरी अनोळखी आहे, असं त्या सांगत असतात. पत्ता समजावून भीती जात नाही. 'दादांची आठवण आली का? त्यांना काय आवडायचं जेवायला?' असं विचारून, हात धरून दोन फेऱ्या मारल्या तर कधी कधी जाते. कधी कधी, नेहमी नाही.

सुनेला हे सगळं माहीत असलं तरी आठव्या वेळेला आवाज चढतोच. याचं कारण माहिती कमी पडली हे नाही. तिचं शरीर त्या वेळी ताणाच्या अवस्थेत आहे, आणि त्या अवस्थेत शहाणपण मागे पडतं.

जखम भरायला लागलेले नऊ दिवस

ताण म्हटलं की आपण 'टेन्शन' म्हणतो आणि सोडून देतो. जणू तो फक्त मनात असतो, आणि मन घट्ट केलं की जाईल. म्हणून मी एक प्रयोग जरा सविस्तर सांगतो. मला तो या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला घरी सांभाळणाऱ्या १३ बायका निवडल्या. त्यांच्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण घरात असा आजारी नसलेल्या दुसऱ्या १३ बायका निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर, कोपराच्या खाली, साडेतीन मिलिमीटरची एक छोटी गोल जखम केली. डॉक्टर तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढतात, तशी. सगळ्यांची जखम सारखी. मग ती किती दिवसांत भरते ते मोजलं.

सांभाळणारी नसलेल्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सांभाळणाऱ्या बायकांना जवळजवळ ४९ दिवस लागले. म्हणजे नऊ दिवस जास्त. हा अभ्यास १९९५ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कातडीला मन घट्ट करता येत नाही. जखम भरायची तर रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींनी तिथे वेळेवर जाऊन काम सुरू करावं लागतं. सांभाळणाऱ्या बाईच्या शरीरात त्या पेशींचं कामच मंदावलेलं होतं. एखाद्या बाईने हसून 'माझं काही नाही हो, मी ठीक आहे' असं सांगितलं असतं, तरी तिच्या हाताने वेगळंच उत्तर दिलं असतं. बायका तेराच होत्या, अभ्यास लहान होता, हे खरं. पण ती गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं की स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्यांच्या शरीरात फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद कमी असतो. २००३ साली त्यांचा सहा वर्षांचा अभ्यास आला. शरीरातल्या दाहाशी संबंधित इंटरल्युकिन-६ नावाचा एक घटक असतो. वयाबरोबर तो सगळ्यांमध्येच वाढतो, पण सांभाळणाऱ्यांमध्ये तो सुमारे चौपट वेगाने वाढत होता. आणि आजारी जोडीदार गेल्यानंतरही पुढची काही वर्षं तो वेग कमी झाला नाही. 'आता सुटलीस गं' असं लोक म्हणतात तेव्हा शरीर अजून सुटलेलं नसतं.

हे होतं कसं? संकट आलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतात. नाडी वाढते, साखर रक्तात येते, शरीर धावायला तयार होतं. कुत्रा अंगावर आला तर हे फार उपयोगाचं. कुत्रा जातो, शरीर पूर्वपदावर येतं. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून हे मांडलं की संकट हटलंच नाही तर शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं आणि शेवटी थकून जातं. स्मृतिभ्रंशात कुत्रा जातच नाही. तो वर्षानुवर्षं दारात असतो, आणि तो आपला सख्खा माणूसही असतो! झोप तुटते, रक्तदाब आणि साखर वर राहते, स्वतःच्या गोळ्या राहून जातात, स्वतःची तपासणी 'पुढच्या महिन्यात' होते.

आणखी एक आकडा देतो, पण तो अर्धवट उचलू नका. १९९९ साली अमेरिकेत वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले आजारी जोडीदार फक्त स्मृतिभ्रंशाचे नव्हते, वेगवेगळ्या कारणांनी परावलंबी होते. सांभाळण्याचा ताण जाणवणाऱ्या जोडीदारांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. हे वाक्य बरेच जण इथेच तोडतात. पुढचं वाक्य तितकंच महत्त्वाचं आहे : सांभाळत होते, पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सांभाळणं हे विष नाही. एकट्याने, विश्रांतीशिवाय, ताणाखाली सांभाळणं हे धोक्याचं आहे.

सजगता म्हणजे नेमकं काय

इथे आपल्या पाठातला दुसरा शब्द येतो. इंग्रजीत ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याला मराठीत सजगता, जागरूकता, साक्षीभाव असे शब्द वापरले जातात. मला स्वतःला 'भान' हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. आपण म्हणतोच ना, 'भानावर ये', 'बोलताना भान ठेव'. आत्ता, या क्षणी, माझ्या शरीरात आणि मनात काय चाललंय याचं भान असणं, आणि त्यावर लगेच चांगलं-वाईट असा शिक्का न मारणं, एवढाच त्याचा अर्थ. डोकं रिकामं करणं नव्हे, आणि जबरदस्तीने शांत होणंही नव्हे.

ही मूळची बौद्ध साधनेतली गोष्ट आहे. पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात. महाराष्ट्राला ती इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे चांगलीच परिचयाची आहे. दवाखान्यात ती आली ती १९७९ साली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. धर्माचा भाग बाजूला ठेवला आणि सराव ठेवला : श्वासाकडे लक्ष देणं, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणं, सावकाश चालणं, साधी योगासनं. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी सराव. जगभरातले पुष्कळसे अभ्यास याच वर्गावर झालेत.

पाली सुत्तांमध्ये दोन बाणांचा एक दृष्टान्त आहे, तो इथे फार उपयोगी पडतो. माणसाला एक बाण लागतो, ते दुखणं खरं असतं. मग तो चिडतो, घाबरतो, हळहळतो. तो दुसरा बाण. तिन्हीसांजेच्या प्रसंगात पहिला बाण म्हणजे आठव्यांदा आलेला तोच प्रश्न. दुसरा बाण म्हणजे 'ह्या मुद्दाम करतात', 'माझं आयुष्य असंच जाणार', 'मी किती वाईट आहे, आजारी माणसावर ओरडले' ही विचारांची माळ. सजगता पहिल्या बाणाला काही करू शकत नाही, प्रश्न नवव्यांदा येणारच. दुसरा बाण कधी कधी हुकतो. किंवा लागला तरी 'हा दुसरा बाण आहे' हे लक्षात येतं.

सुनेने हे करायचं कसं? तिला दहा दिवसांच्या शिबिराला जाता येणार नाही. रोज पाऊण तास डोळे मिटून बसायला जागाही नाही आणि वेळही नाही. तिने डोळे मिटले की सासूबाई दार उघडून जिन्यात जातील. म्हणून सराव तिच्या दिवसातच बसवावा लागतो.

दारापाशी प्रश्न आला की उत्तर देण्याआधी पायांचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवून घ्यायचे. लादी गार आहे, गार जाणवू दे. एक श्वास आत, एक सावकाश बाहेर. बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्यापेक्षा लांब. एवढ्याला दहा सेकंदही लागत नाहीत. या दहा सेकंदांत खांदे कानापर्यंत चढलेत आणि दात घट्ट आवळलेत हे कळतं. कळलं की ते थोडे सैल होतात. मग बोलायचं.

भांडी घासताना फक्त भांडी घासायची. पाण्याचा स्पर्श, घासणीचा आवाज, राखेचा किंवा साबणाचा वास. मन नणंदेच्या फोनकडे जाईल, जाऊ द्या, 'गेलं' असं मनात म्हणून परत पाण्याकडे आणा. मन पळालं म्हणजे सराव चुकला असं नाही. पळालेलं मन परत आणणं हाच सराव आहे. माझ्या अनुभवात हे एक वाक्य शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. 'सर, माझं लक्ष लागतच नाही' असं म्हणून बरेच जण तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पायाच्या अंगठ्यापासून वर एकेक अवयव. पोटरीपर्यंत पोहोचताना झोप लागली तर उत्तम, उठून पूर्ण करू नये!

आणि दिवसात एकदा, एकदाच, स्वतःला खरं सांगायचं : आज मला राग आला. आज मला वाईट वाटलं. आज क्षणभर वाटून गेलं की हे संपावं. हा शेवटचा विचार सांभाळणाऱ्या पुष्कळांच्या मनात येतो आणि कुणीही तो बोलून दाखवत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासकांनी अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हटलंय. माणूस समोर आहे, पण तो पूर्वीचा माणूस नाही. तेरावं झालेलं नाही, म्हणून रडायला परवानगी नाही. त्या दुःखाला निदान आपल्या मनात तरी नाव मिळालं की ते रागाच्या रूपाने बाहेर पडायचं थोडं कमी होतं.

पुरावा किती आहे?

शिक्षक म्हणून मला ही सवय लावायची आहे की कुठलाही उपाय ऐकला की हा प्रश्न विचारायचा. सजगतेच्या बाबतीत तर विचारायलाच हवा, कारण तिच्या नावाने आता अ‍ॅपपासून अगरबत्तीपर्यंत सगळं विकलं जातं.

२०१३ साली अमेरिकेत ७८ घरगुती काळजीवाहकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग, निम्म्यांना आजाराची माहिती आणि एकमेकांशी बोलण्याचा वर्ग. ताण आणि नैराश्य सजगतेच्या गटात जास्त कमी झालं. पण चिंता आणि सांभाळण्याचा बोजा दोन्ही गटांत सारखाच हलका झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात ३९ जणांचे निष्कर्ष होते. एका गटाने आठ आठवडे रोज १२ मिनिटं 'कीर्तन क्रिया' नावाचं मंत्र म्हणत करायचं ध्यान केलं, दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ शांत संगीत ऐकलं. ध्यान करणाऱ्यांची मनःस्थिती जास्त सुधारली, आणि पेशींच्या वार्धक्याशी संबंधित टेलोमरेज या विकराची क्रियाशीलताही त्यांच्यात जास्त वाढली. ही नेमकी सजगता नव्हे, ती आपल्या नामस्मरणाच्या जास्त जवळची आहे. पण रोजची १२ मिनिटं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे नीट झालेले प्रयोग एकत्र तपासले. हाती लागले फक्त पाच, त्यात मिळून २०१ काळजीवाहक. निष्कर्ष सावध होता : नैराश्य आणि चिंता थोड्या काळापुरती कमी होऊ शकते, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, आणि बोजा कमी होतो असं खात्रीने म्हणता येत नाही.

मला हा निष्कर्ष अगदी बरोबर वाटतो. बोजा कसा कमी होईल? आंघोळ घालायचीच आहे, रात्री दोनला उठायचंच आहे, कपडे बदलायचेच आहेत. भान ठेवून उचललेली बादलीही तेवढीच जड असते. बादली हलकी व्हायची तर दुसरा हात लागतो.

गोव्यातला दुसरा हात

तो दुसरा हात कसा असू शकतो याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या दोन तालुक्यांत डॉक्टर आणि संशोधकांच्या एका गटाने एक प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचं माणूस असलेली ८१ कुटुंबं घेतली. निम्म्यांना लगेच मदत सुरू केली, उरलेल्यांना सहा महिन्यांनी.

मदत कुणाची? मोठ्या डॉक्टरांची नाही. गावातच राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन 'गृहकाळजी सल्लागार' केलं. ते साधारण पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. आजार काय आहे ते समजावून सांगत. आंघोळीला नकार, रात्रीचं भटकणं, संशय अशा अडचणींवर घरच्यांबरोबर बसून मार्ग काढत. सांभाळणारीचं म्हणणं ऐकून घेत. घरातल्या इतरांशी बोलत. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत, सरकारी योजनांची माहिती देत. सहा महिन्यांनी मदत मिळालेल्या घरांमधल्या काळजीवाहकांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं, आणि आजाऱ्याच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रासही कमी झाला.

यात यंत्र नाही आणि महाग औषधही नाही. कुणीतरी घरी आलं, बसलं, 'तुमचं कसं चाललंय' असं विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलं. आपल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांच्याकडे पाहताना मला हा प्रयोग नेहमी आठवतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरातली माणसं सजगतेचा उपयोग सुनेचं तोंड बंद करायला करू लागली तर ती सजगता नव्हे. 'तू जरा मेडिटेशन कर, तुझी चिडचिड फार वाढलीय' असं सांगून दिवाणखान्यात जाऊन बसणाऱ्या नवऱ्याने आधी आईला संध्याकाळची फेरी मारून आणावी. भान सगळ्यात आधी घरातल्या कामाच्या वाटणीचं हवं. गंमत अशी की नीट सराव करणाऱ्या बाईला सहन करणं सोपं जातंच असं नाही. उलट आपण किती दमलोय हे तिला जास्त स्पष्ट दिसायला लागतं, आणि ती मदत मागते. मागू द्यावी. आणि दिली पाहिजे.

डॉक्टरकडे कधी जायचं

सराव हा उपचाराला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, आजारी माणसावर हात उगारला जात असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा. ज्यांना आधीपासून तीव्र नैराश्य आहे किंवा ज्यांच्या मनावर जुना मोठा आघात आहे, त्यांना डोळे मिटून बसल्यावर जास्त अस्वस्थ वाटू शकतं. त्यांनी सल्ल्याशिवाय लांब ध्यान करू नये, डोळे उघडे ठेवून चालण्याचा सराव बरा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आजाऱ्याला तपासणीला नेता त्याच दिवशी स्वतःचा रक्तदाब आणि साखर मोजून घ्या. केसपेपर वेगळा काढावा लागेल, पण नर्सला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

स्वाध्याय

१. (सांभाळणाऱ्यांसाठी) या आठवड्यात रोज एका ठरलेल्या कामाच्या वेळी, म्हणजे चहा उकळेपर्यंत किंवा कपडे वाळत घालेपर्यंत, फक्त त्या कामाकडे लक्ष द्या. वहीत दोनच गोष्टी लिहा : मन कुठे पळालं, आणि शरीरात कुठे आवळल्यासारखं वाटलं. सात दिवसांनी वही वाचा.

२. (त्याच घरातल्या इतरांसाठी) कागदावर चोवीस तासांचे चोवीस चौकोन काढा. काल प्रत्येक तासाला आजारी माणसाजवळ कोण होतं त्याचं नाव त्या चौकोनात लिहा. रात्रीचे तासही लिहा. मग कुणाचं नाव किती वेळा आलं ते मोजा आणि तो कागद फ्रीजवर लावा.

३. (शेजारी, भाऊ, नणंद, मैत्रीण यांच्यासाठी) फोन करून 'काही लागलं तर सांग' असं म्हणू नका. दिवस आणि वेळ सांगा : 'मंगळवारी चार ते सहा मी आईंजवळ बसते, तू बाहेर जाऊन ये.' त्या दोन तासांत ती झोपली, देवळात गेली की नुसती बागेत बसली, ते विचारू नका. पुढचा मंगळवार मात्र निघण्याआधी ठरवून घ्या.